‘इनडोअरवाला कोच नको’ म्हणणाऱ्या सिॲटलच्या मराठी आईबाबांना खुले पत्र

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मसुदा फिरला. अकरा वर्षांखालच्या संघाचा कोच बदलून द्यावा, अशी क्लबला विनंती. कारण एकच दिलंय: हे गृहस्थ उमेदीची सगळी वर्षं इनडोअर, म्हणजे छपराखालचं फुटबॉल खेळले, मोठ्या मैदानावरच्या ‘खऱ्या’ फुटबॉलचा त्यांना अनुभव नाही. खाली सह्या. रेडमंडपासून समामिशपर्यंतची निम्मी दिवाळी पहाट त्या यादीत आहे. माझी सही नाही आणि ती होणारही नाही. ग्रुपवर उत्तर लिहिलं असतं तर ते कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून हे उघड पत्र.

सुरुवात आपल्या लाडक्या साउंडर्सपासूनच करतो, सिॲटलच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबपासून. लुमेन फील्डवर हिरवा मफलर गळ्यात घालून आपण ज्याच्या संघासाठी घसा फोडतो, तो कोच ब्रायन श्मेट्झर कोण आहे? इथलाच, सिॲटलचा पोरगा. एनएएसएल ही जुनी लीग चालू होती तोवर तो मैदानावर खेळला आणि ती बंद पडली तसा भिंतींच्या आत शिरला. सॅन डिएगो सॉकर्स, टकोमा स्टार्स, सेंट लुइस स्टॉर्म, पुढे सिॲटल सीडॉग्ज, असे त्याचे इनडोअर संघ. पोट भरायला बांधकामाचा धंदाही केला. २०१८ मध्ये त्याच्या हाताखाली सहायक कोच म्हणून आला तो प्रेकी, टकोमातला जुना जोडीदार. एमएलएस या इथल्या अव्वल लीगचा २०१९ चा कप आणि उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियनमधल्या क्लबांची २०२२ ची कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा साउंडर्सच्या बाकावर हे दोन इनडोअरवाले होते. ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव पडल्यापासून एमएलएसच्या एकाही क्लबला तोवर ती स्पर्धा जिंकता आली नव्हती. त्या रात्री स्टेडियमात अडुसष्ट हजारांवर माणसं होती. आपल्यातलेही बरेच होते, फेसबुकवरचे फोटो मी पाहिलेत. कुणी म्हणालं नाही की बुवा, कोच इनडोअरवाले आहेत, बदलून द्या.

आता हा इनडोअर प्रकार नेमका काय, ते आधी सांगायला हवं, कारण मसुदा लिहिणाऱ्यांचा त्यात घोळ झालेला दिसतो. त्यांनी ‘फुटसाल वगैरे’ असं लिहिलंय. फुटसाल वेगळं. त्यात कडेला रेषा असतात, चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो, आणि चेंडूही मुद्दाम कमी उसळणारा. पुण्या-मुंबईत जाळी लावून जे टर्फ चालतात ते तर दोन्हींपेक्षा निराळे. अमेरिकन इनडोअर हे आइस हॉकीच्या रिंगणात खेळतात. सुमारे दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद, वर कृत्रिम गवताचा गालिचा, चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर काच. गोलकीपर धरून सहा जण. पंधरा मिनिटांचे चार डाव. फळीला लागलेला चेंडू जिवंत, त्यामुळे कॅरममध्ये समोरच्या कडेला आपटून सोंगटी परत आणावी तसा इथे फळीवर पास देतात. निळं कार्ड दाखवलं की दोन मिनिटं पेटीत जाऊन बसायचं, तोवर संघ एकाने कमी. बदली खेळाडू खेळ न थांबवता आत-बाहेर करतात, एकेक जोडी मिनिट-दोन मिनिटं जीव तोडून पळते आणि बाहेर येते. आणि एक नियम तर मला आपल्या शनिवारच्या बाबालोकांना तोंडपाठ करायला लावावासा वाटतो: मैदानावरच्या तीन रेषा ओलांडून चेंडू हवेतून सरळ पुढे भिरकावला तर तो फाउल. म्हणजे कडेला उभं राहून आपण जे ‘मार! पुढे मार!’ ओरडतो ना, ते तिथे चालतच नाही. खेळूनच पुढे जावं लागतं.

या खेळाची सुरुवात एका प्रदर्शनी सामन्यातून झाली म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारी १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम या बंदिस्त स्टेडियममध्ये मॉस्कोच्या लष्करी संघाने फिलाडेल्फिया ॲटम्सला हरवलं. कडाक्याच्या थंडीत छपराखाली अकरा हजारांवर लोक फुटबॉल बघायला येतात, हे धंदेवाईक नजरांनी टिपलं आणि डिसेंबर १९७८ मध्ये एमआयएसएल ही व्यावसायिक लीग उभी राहिली. पहिल्या सामन्याचा चेंडू टाकायला बेसबॉलचा पीट रोझ आला होता. सिनसिनाटीच्या संघात त्याची मालकी होती. धूर, दिवे, ढणढण संगीत, सगळा तमाशा होता. नाकं मुरडणारे तेव्हाही होते.

पण माझा मुद्दा पुढे आहे. १९८४ च्या हंगामानंतर एनएएसएल कोलमडली. एमएलएस सुरू झाली १९९६ मध्ये. मधल्या काळात छोट्या प्रादेशिक लीग सोडल्या तर या देशात वरच्या दर्जाची मैदानी लीग नव्हतीच. फुटबॉल खेळून घर चालवायचं असेल तर इनडोअर हाच रस्ता. आपल्या कोचचं वय काढा आणि हिशोब करा. ज्या वर्षांत त्यांनी मोठं मैदान गाजवायला हवं होतं असं तुम्ही म्हणता, त्या वर्षांत तसं मैदान कुणी मांडलेलंच नव्हतं. मग इनडोअर खेळले हा त्यांचा दोष कसा?

प्रेकीचंच बघा. पूर्ण नाव प्रेद्राग रादोसावल्येविच, जन्म १९६३, बेलग्रेड. तिथल्या रेड स्टार क्लबमधला पोरगा. टकोमा स्टार्सचा तेव्हाचा कोच बॉब मॅकनॅब, आर्सेनलचा जुना बचावपटू, याने त्याला युगोस्लाव्हियात हेरलं आणि १९८५ मध्ये टकोमात आणलं. आय-फाइव्ह हायवेवरून दक्षिणेला जाताना उजव्या हाताला तो निळा-पांढरा लाकडी घुमट दिसतो ना, टकोमा डोम, तिथे हे लोक खेळायचे. जून १९८७ मध्ये त्याच घुमटात एमआयएसएलच्या अंतिम फेरीचा सातवा सामना झाला, टकोमा विरुद्ध डॅलस साइडकिक्स. २१,७२८ प्रेक्षक. टकोमाच्या संघात प्रेकी होता, स्टीव्ह झुंगुल होता. डॅलसकडे तातू होता, गोल केला की अंगातली जर्सी काढून प्रेक्षकांत फेकणारा ब्राझिलियन. जादा वेळेत मार्क कार्पनने गोल केला आणि डॅलस ४-३ ने जिंकलं. आजही टकोमातले जुने लोक त्या रात्रीचं नाव काढलं की हळहळतात. गंमत अशी की तातूसुद्धा पुढे कोचच झाला. डॅलसचा खेळाडू आणि कोच अशी दुहेरी जबाबदारी त्याने एकाच वेळी सांभाळली आणि २०१२ मध्ये साइडकिक्स पुन्हा उभे राहिले तेव्हा कोच म्हणून परत तोच.

१९९२ च्या उन्हाळ्यात ती एमआयएसएलही बंद पडली. प्रेकी एव्हर्टनला गेला. मसुदावाल्यांना आवडेल असं इथे थोडं आहे: इंग्लंडमध्ये त्याचं फार काही जमलं नाही. एव्हर्टनला दोन हंगाम, त्यातही बराच वेळ बाकावर, मग पोर्ट्समथला एक. १९९५ मध्ये तो परत इनडोअर खेळायला सॅन होजेला आला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. इथे गोष्ट संपली असती तर तुमचा मसुदा बरोबर ठरला असता.

ती संपली नाही, कारण १९९६ मध्ये एमएलएस सुरू झाली आणि कॅन्सस सिटीच्या संघाचा कोच झाला रॉन न्यूमन. हा न्यूमन कोण? सॅन डिएगो सॉकर्सला इनडोअरची दहा विजेतेपदं मिळवून देणारा. त्याला प्रेकी काय चीज आहे हे ठाऊक होतं, कारण वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध डोकं लढवण्यात गेली होती. त्याने प्रेकीला घेतलं. १९९७ मध्ये प्रेकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००० मध्ये कॅन्सस सिटीने कप जिंकला, तेव्हाही तो संघात होता. २००३ मध्ये पुन्हा सर्वोत्तम खेळाडू, वयाच्या चाळिसाव्या वर्षी! हा किताब दोनदा मिळवणारा तो पहिला. चाळिशीत आपण कुठे असतो ते मी बोलत नाही. माझे गुडघे गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळतानाच बोलू लागले होते.

मधे १९९८ ची गोल्ड कप या देशांच्या संघांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, लॉस एंजेलिस, अमेरिकेसमोर ब्राझील. गोलकीपर केसी केलरने त्या रात्री काय काय अडवलं ते यूट्यूबवर जरूर बघा. अमेरिकेकडून बदली म्हणून आलेल्या प्रेकीने डाव्या पायाने एक गोल मारला आणि अमेरिकेने ब्राझीलला पहिल्यांदाच हरवलं. त्याची ती युक्ती सगळ्यांना पाठ होती: मारतोय असं दाखवायचं, बचावपटू पाय घालतो तेवढ्यात चेंडू कापून आत घ्यायचा आणि डाव्याने मारायचा. माहीत असूनही अडवता यायची नाही. पंच्याऐंशी फुटांच्या रुंदीत, पाठीला फळी आणि अंगावर दोन माणसं घेऊन जो इतकी वर्षं खेळला, त्याला मोठ्या मैदानावरची एवढीशी फटही ऐसपैस वाटत असणार. हा माझा अंदाज. चुकीचा वाटत नाही.

खेळाडू म्हणून थोर होता, पण कोच म्हणून काय, असं विचाराल. रास्त प्रश्न आहे. २००५ ला खेळणं थांबवलं, २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या चिव्हास यूएसएमध्ये बॉब ब्रॅडलीचा सहायक झाला. ब्रॅडली राष्ट्रीय संघाकडे गेला तसा प्रेकी मुख्य कोच. पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये, संघ पश्चिम विभागात अव्वल आणि प्रेकी त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच. सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम कोच हे दोन्ही मान मिळवणारा एमएलएसमधला पहिला माणूस इनडोअरमधून आलेला आहे, एवढं तरी त्या मसुद्याच्या शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर पडझडही झाली. चिव्हासचा संघ तीन वर्षं प्लेऑफमध्ये गेला आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाद झाला. मग टोरांटो एफसी. तिथे हंगाम पुरा व्हायच्या आतच, सप्टेंबर २०१० मध्ये, त्याला आणि ज्याने त्याला आणलं त्या मो जॉन्स्टनला एकाच दिवशी घरी पाठवलं. कुणी दुसरा असता तर समालोचनाच्या खुर्चीत जाऊन बसला असता. हा खालच्या लीगमध्ये उतरला. सॅक्रमेंटो रिपब्लिक या कोऱ्या करकरीत क्लबला २०१४ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर सेंट लुइस, आणि मग आपलं सिॲटल. १० नोव्हेंबर २०१९ ला आपल्या मैदानावर एमएलएस कपचा अंतिम सामना झाला तेव्हा समोर कोण होतं आठवतंय? टोरांटो. ३-१ ने जिंकलो. त्या दिवशी बाकावरचा प्रेकी काय विचार करत असेल कोण जाणे. मी मात्र घरी सोफ्यावर जोरात हसलो होतो आणि बायकोला कारण सांगताना टोरांटोतल्या हकालपट्टीपर्यंत मागे जावं लागलं होतं.

इनडोअर हा कोच घडवण्याचा हमखास कारखाना आहे, असा माझा दावा नाही. बरेच इनडोअर खेळाडू चांगले कोच झालेही नसतील. पण त्या खेळात एक गोष्ट आहे जी मैदानावर फार कमी मिळते: तिथे बाकावरचा माणूस सतत कामात असतो. दर मिनिटाला कोण आत जाणार, कोणाची दमछाक झाली, एकाने कमी असताना कोणते चौघे ठेवायचे, शेवटच्या मिनिटाला गोलकीपर काढून सहावा आक्रमक घालायचा का, हे निर्णय सामना चालू असताना घ्यावे लागतात. बाकावर बसलेला खेळाडूही ते बघत असतो, कारण चाळीस सेकंदांनी त्यालाच उडी मारायची असते. अशी दहा वर्षं काढलेल्या माणसाला खेळ वाचायची सवय लागते. आपले कोच सामन्यात फारसं ओरडत नाहीत, हातवारे करत नाहीत, याची तक्रार मसुद्यात ‘पॅशनचा अभाव’ म्हणून आलीय. ते काय करतात ते कधी पाहिलंय? ते बाकावरच्या पोरांशी बोलत असतात. आत गेल्यावर काय करायचं ते कानात सांगत असतात. ओरडायचं काम आपण पालक पुरेसं करतोच.

आता मसुद्यातला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा: हे कोच मुलांना हेडिंग शिकवत नाहीत, लांब पास शिकवत नाहीत. अहो, अकरा वर्षांखालच्या पोरांनी हेडिंग करूच नये, असं यूएस सॉकर या इथल्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्येच जाहीर केलंय, डोक्याच्या दुखापतींच्या भीतीने. आणि आपली पोरं खेळतात नऊ विरुद्ध नऊ, मोठ्यांपेक्षा कितीतरी लहान मैदानावर. साठ यार्डांचा पास मारला तर तो पार्किंगमधल्या एखाद्या टेस्लावर जाऊन आदळेल, आणि ती आपल्यापैकीच कुणाची तरी असेल. या वयात लागतं ते एवढंच: चेंडू पायाखाली, माणूस अंगावर, मान वर, आणि निर्णय लगेच. पोरं बारा-तेराची होऊन पूर्ण मैदानावर जातील तेव्हा उंच चेंडू, ऑफसाइडची रेषा, लांब पल्ल्याची पळापळ हे शिकवायला वेगळा कोच लागेल, हे मला मान्य आहे. तेव्हा खुशाल मागा. मीही सही करेन.

मी कोल्हापूरचा, हे तुम्हाला माहीतच आहे, कारण मी ते कुणाला विसरू देत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की आमच्याकडे अर्ध्या दिवसाने दुकानं ओस पडायची. त्या तालमींमध्ये पोरांना घडवणारी माणसं पेठेतलीच, कालपरवापर्यंत स्वतः खेळलेली. ‘तुमचा अनुभव कुठल्या आकाराच्या मैदानावरचा’ असं त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. पोरगं चेंडू कसा थांबवतंय, यावरनं कोच कळायचा. तिथलं सगळंच चांगलं होतं असं नाही. शिव्या भरपूर होत्या, आणि मुलींना तर कुणी मैदानाजवळ उभं करत नव्हतं. पण कोच पारखायची ती पद्धत मला अजून पटते.

आणि एक जरा टोचणारं. आपण बहुतेक सगळे आयटीवाले, रेझ्युमे वाचून माणसाची किंमत ठरवायची सवय लागलेली. इथे आलो तेव्हा पहिल्या मुलाखतीत ‘तुमचा सगळा अनुभव भारतातला आहे, इथला नाही’ हे आपल्यातल्या कितीजणांनी ऐकलंय? घरी येऊन किती चडफडलो होतो तेही आठवा. तेच वाक्य शब्द बदलून आपण आता एका कोचला ऐकवतोय, तेही आपल्याच पोरांच्या पुढ्यात.

काही तक्रारी खऱ्या आहेत, त्या मांडायला माझी हरकत नाही. कोच मेलला चार-चार दिवस उत्तर देत नाहीत. हिवाळ्यात रिंगणाचं भाडं वेगळं घेतात, ते हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. सरावाची वेळ ऐनवेळी बदलते आणि दोघांची नोकरी असलेल्या घरांची त्रेधा उडते. या तीन गोष्टींचं पत्र करा, माझी सही पहिली घ्या. ‘इनडोअर’ हा शब्द त्यातून काढा.

तोवर एक विनंती. या गुरुवारी सरावाला गाडीत लॅपटॉप उघडून बसू नका. जाळीच्या आत येऊन उभे राहा. तुमचं पोरगं किंवा पोरगी तासाभरात चेंडूला कितीदा पाय लावते ते मोजा, मग आधीच्या कोचच्या वेळी रांगेत उभं राहून किती वेळ जायचा ते आठवा. कोचना प्रश्न विचारायचा असेल तर ‘तुम्ही कुठे खेळलात’ यापेक्षा ‘माझ्या मुलाला पुढच्या सहा महिन्यांत काय शिकवणार’ हा विचारा. ते इंग्रजी कमी बोलतात, पण दाखवतात छान. हवं तर प्रेकीची ती कट दाखवा म्हणावं.

मसुदा रविवारी रात्री क्लबला जाणार आहे, असं कळलं. ज्यांना नाव मागे घ्यायचंय त्यांनी मसुदा फिरवणाऱ्यांना थेट सांगावं, मला कळवायची गरज नाही. मी यादी करत बसणार नाही. आणि शनिवारच्या सामन्याला माझ्या व्हॅनमध्ये अजून दोन पोरांची जागा आहे. साडेसातला रेडमंडच्या पार्क अँड राइडवर. शिन गार्ड घरी विसरू नका, मागच्या वेळी तिघे विसरले होते.

आपला,
सात नंबरच्या जर्सीवाल्याचा बाप